बोटाएवढ्या बाईचा एक्स-रे

“दोन मुली आहेत म्हणून एक कापून बघायची, असं कुणी करतं का, साहेब?”

खांबेटेबाई आमच्या इन्स्पेक्शन खात्याच्या दारात उभ्या राहून विचारत होत्या. आमचे घारपुरे साहेब तोंडातलं पान गालात ढकलून त्यांच्याकडे नुसते बघत राहिले. बाईंच्या हातात जेवणाचा पितळी डबा होता. त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवून उघडला. आत पोळीभाजी नव्हती, कापूस होता. आणि कापसात दोन बाया झोपवलेल्या. अंगठ्याएवढ्या. पिवळसर पांढऱ्या, कोरून काढलेल्या. मान, खांदे, कमरेला जरासा बाक. चेहरा नाहीच म्हटलं तरी चालेल, पण उभं राहण्याचा असा काही रुबाब की मी हातातला चहा खाली ठेवला.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. चिंचवडला रेल्वेलाइनीच्या कडेनं तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. चाकणला आज जिकडे बघावं तिकडे कंपन्या. त्या वेळी तिथं कांद्याचा बाजार भरायचा आणि बाकी सगळं माळरान. मी बार्शीकडचा. पुण्यात शिकून या कारखान्यात एक्स-रे खात्याला लागलो होतो. लोक विचारायचे, “शेवाळे, कारखान्यात डॉक्टर आहात का?” मग समजावून सांगावं लागायचं. आमच्याकडे फाउंड्री होती. लोखंड वितळवून साच्यात ओतायचं आणि इंजिनाचे, पंपाचे भाग बनवायचे. त्याला कास्टिंग म्हणतात. कास्टिंग बाहेरून गुळगुळीत दिसतं, पण आत कधी हवेचा बुडबुडा अडकतो, कधी भेग राहते. ते फोडल्याशिवाय कळावं म्हणून एक्स-रे. माणसाचं हाड मोडलं की काढतात तोच, फक्त आमची ट्यूब जास्त जोरकस.

बाई पुण्याला प्राचीन इतिहासावर डॉक्टरेट करत होत्या. निघोज्याच्या बाजूला इंद्रायणीकाठी एक पांढर आहे, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. तिथं त्या आणि त्यांचे सर उन्हातान्हात खणत होते. त्यात या दोन बाया सापडल्या. लोखंडाचा शोध लागण्याआधीच्या, असं त्या म्हणाल्या. मला ते ऐकूनच कसंतरी झालं. आमचा सगळा जन्म लोखंडात, आणि ही माणसं त्याच्याही आधीची.

“मग अडचण काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“त्या कशाच्या आहेत ते कळत नाही. हाड असेल तर इथल्याच बैलाचं. हस्तिदंत असेल तर लांबच्या रानातून आलेला. म्हणजे या लोकांचं जाणंयेणं कुठवर होतं, ते त्यावरून ठरणार. सर म्हणतात, एक कापा. पातळ चकती काढा, मायक्रोस्कोपखाली घाला, वाद मिटला.”

“बरोबर बोलतात तुमचे सर.”

“बरोबर बोलतात, म्हणून तर माझी पंचाईत आहे,” बाई म्हणाल्या. “सोमवारी ही मोठी कापणार. तुमचं मशीन न कापता आतलं दाखवतं असं ऐकलं, म्हणून आले. दाखवलं तर ती वाचेल. नाही दाखवलं तर करवत आहेच.”

घारपुरे साहेब म्हणजे फाउंड्रीत केस पांढरे झालेला माणूस. जॉब, म्हणजे ओतून तयार झालेला भाग, हातात घेऊन नुसता ठोकला तरी आत भेग आहे का ते आवाजावरून सांगायचे. खाकी पँट, तोंडात पान आणि सतत कुणावर तरी ओरडणं. मला वाटलं, आता बाईंना वाटेला लावणार. पण त्यांनी ती मोठी मूर्ती दोन बोटांत धरली, उजेडाकडे केली आणि म्हणाले, “शेवाळे, आज शनिवार. हाफ डे. दुपारनंतर ट्यूब मोकळीच आहे ना?”

“आहे साहेब.”

“मग बघतोस काय? लाव.”

आता लाव म्हणणं सोपं. लोखंडाला जो जोर लागतो तो या बाईला दिला असता तर फिल्म डांबरासारखी काळी आली असती. एक्स-रेची फिल्म उलटी असते. किरण जिथून सहज पार होतात तिथं ती काळी पडते, जिथं अडतात तिथं पांढरी राहते. म्हणून आधी जोर कमी करायचा, मग अंदाज घ्यायचा. आमच्या मेंटेनन्सचे रशीदभाई मणियार ट्यूबच्या थंड पाण्याचा पंप सांभाळायचे. ते म्हणाले, “शेवाळेभाऊ, आज पेशंट नाजूक दिसतंय. जरा बेतानं घ्या.”

मी मूर्ती पाठीवर निजवली, खाली फिल्म ठेवली, सगळ्यांना शिशाच्या भिंतीमागं पिटाळलं आणि बटण दाबलं. मग डार्करूममध्ये फिल्म धुतली आणि ओलीच उजेडाच्या पेटीवर लावली.

अहो, काय सुंदर आली होती! मान, खांदे, कंबर, सगळं पांढरंशुभ्र. आणि खांद्यापासून पायापर्यंत एक बारीक काळी रेघ. तिरकी. केसाएवढी.

साहेबांनी नाक फिल्मला लावलं आणि क्षणात बोलले, “कोल्ड शट.”

कोल्ड शट म्हणजे काय ते सांगतो. साच्यात वितळलेला धातू दोन वाटांनी शिरतो आणि मध्ये एकमेकांना भेटतो. भेटेपर्यंत तो थंडावला तर दोन्ही प्रवाह नुसते टेकतात, एकजीव होत नाहीत. बाहेरून पत्ता लागत नाही. फिल्मवर मात्र अशीच बारीक काळी रेघ उमटते. आम्ही अशा रेघा दिवसभर बघायचो आणि बघितली की जॉबवर लाल खडूनं ‘आर’ लिहायचो. आर म्हणजे रिजेक्ट.

“बाई, वाईट वाटून घेऊ नका,” साहेब म्हणाले. “ही कोरलेली नाही. ओतलेली आहे. प्लॅस्टर म्हणा, चुना म्हणा, साच्यात दोन बाजूंनी भरलंय. नीट जुळलं नाही, म्हणून ही रेघ. तुमच्या त्या टेकाडात कुणीतरी अलीकडेच नेऊन पुरली असेल. फसवलंय तुम्हाला.”

मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू? ती रेघ हुबेहूब आमचीच होती. रशीदभाईंनीही मान हलवली. आम्ही तिघं फाउंड्रीची माणसं, आम्हाला जगातली प्रत्येक वस्तू कुणीतरी साच्यात ओतलेलीच वाटायची.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. मला त्यांची इतकी दया आली की मी फिल्मकडेच बघत राहिलो. मूर्ती वाचवायला आलेली ही बाई, आणि आम्ही तिची मूर्तीच खोटी ठरवली होती. हे पुण्यात कळलं असतं तर मूर्ती कापायचा प्रश्नच उरला नसता. कचऱ्यातच गेली असती. आणि टेकाडाचं खणणं बंद, बाईंची डॉक्टरेट बंद.

पण ही बाई रडली नाही, चिडली नाही. पदर खोचला, खुर्ची ओढून पेटीपुढं बसली आणि ती रेघ बघत राहिली. मग म्हणाली, “साहेब, दोन प्रवाह टेकले तर त्यांच्यामधला सांधा कसा असतो? पडद्यासारखा सपाट?”

“साधारण सपाटच.”

“मग मूर्ती कुशीवर वळवून दुसरी फिल्म काढली तर काय दिसेल?”

“कडेनं दिसला तर सरळ रेघ. नाहीतर काहीच नाही.”

“सरळ दिसली, किंवा काही दिसलंच नाही, तर मी स्वतः सरांना सांगेन की मी फसले. तुमचं नाव घेणार नाही. पण वेगळंच काही दिसलं तर?”

साहेबांनी पान या गालातून त्या गालात ढकललं. त्यांना वाद घालणारी माणसं मुळीच आवडत नसत, पण असा सौदा समोर ठेवणारं माणूस आवडायचं. “एका बाजूनं बघून रिजेक्ट करायची सवय आहे आम्हाला,” ते कुरकुरत म्हणाले. “काढ रे शेवाळे. बाईंचं समाधान होऊ दे.”

मी मूर्तीला कुशीवर वळवलं. घरंगळू नये म्हणून दोन्हीकडून कापूस लावला. पुन्हा बटण, पुन्हा डार्करूम. पाण्यातच फिल्म वर धरली आणि माझ्या तोंडून “अरेच्चा!” निघालं.

रेघ सरळ नव्हती. ती वळत होती. खांद्याशी एका बाजूला, कमरेशी दुसऱ्या, खाली पुन्हा पहिल्या बाजूला. ओलं फडकं पिळल्यावर त्याला पीळ पडतो तशी.

“या खुदा, ही तर स्प्रिंग आहे!” रशीदभाई म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “कोल्ड शट असा पीळ घेत नाही,” ते हळूच म्हणाले. “ओतकामात असं होतच नाही. हे काय आहे?”

बाई उभ्या राहिल्या. दोन्ही फिल्मा शेजारी शेजारी धरल्या. आणि एकदम हसल्या, अगदी लहान मुलीसारख्या. “हे ओतलेलं नाही. हे वाढलेलं आहे. साहेब, हा शंख आहे! शंखाच्या मधला दांडा. शंख वाढताना त्याच्याभोवती पीळ घेत वाढतो. ती रेघ म्हणजे दोन पिळांमधली फट.”

मग एकदम खुर्चीत बसल्या. “आणि मी हस्तिदंतावर अख्खं प्रकरण लिहून ठेवलंय. नकाशासकट.”

मला वाटलं, आता इथं थांबतील. उत्तर मिळालं, मूर्ती खरी ठरली. दुसरं कुणी असतं तर फिल्म गुंडाळून निघालं असतं. पण बाई म्हणाल्या, “शेवाळे, एवढ्यानं सरांचं समाधान होणार नाही. माझंही नाही. मला हाड, हस्तिदंत आणि शंख, तिन्ही या मूर्तीच्या शेजारी ठेवून बघायचेत. एकदमच. तुम्ही कास्टिंगच्या शेजारी नमुना ठेवता ना, तसंच.”

ही आमचीच पद्धत होती. एकटी फिल्म बघून अंदाज चुकतो, म्हणून माहीत असलेला तुकडा शेजारी ठेवून दोन्हींचा रंग ताडून बघायचा. बाईंनी आल्या आल्या ती हेरली होती. मला त्यांचं मोठं कौतुक वाटलं.

हाड मिळालं लगेच, रशीदभाईंच्या चाकूची मूठच हाडाची होती. हस्तिदंताचंही त्यांनीच जमवलं. त्यांच्या घरात बांगड्यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या, चाकणच्या बाजारात त्यांचं दुकान. चिंचवडात त्यांच्या बहिणीच्या पेटीत एक फुटकी हस्तिदंती बांगडी होती, ती ते घेऊन आले. अडलं ते शंखापाशी.

तुम्ही म्हणाल, शंख तर घरोघरी. हो, देवघरात. पण देवघरातला शंख कुणी कारखान्यात देईल का? आमच्याच सौभाग्यवतींना मी विचारलं असतं तर त्यांनी मलाच उंबऱ्याबाहेर ठेवलं असतं. शेवटी मी सायकल काढली आणि नदीकाठच्या देवळातल्या गुरवांकडे गेलो. म्हातारे गुरव पायरीवर बसून दोरी वळत होते.

“पुजंचा शंख द्यायचा न्हाई,” त्यांनी आधीच सांगून टाकलं.

“पूजेचा नको गुरवकाका. एखादा भंगलेला असला तर.”

“भंगल्याला हाय एक. टवका उडालाय त्येचा. भंगल्याला शंख देवाजवळ ठेवत न्हाईत, अमुशाला नदीत सोडायचा हाय.” मग त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. “तुमी कापणार न्हवं त्येला?”

“छे! कापायचं नाही म्हणून तर एवढी धडपड. आरपार फोटो काढायचाय.”

“आरपार?” त्यांना गंमत वाटली. “मंग न्या. पर नदीत सोडाया माज्याच हातात परत आणून द्या. फोडला आन् दडवला, असं हुता कामा न्हाई.”

मी शब्द दिला. शंख धोतराच्या फडक्यात बांधून परत आलो.

आता खरी मजा. शंखाच्या मधला दांडा हवा होता, पण शंख कापायचा नव्हता. सरळ फोटो काढला तर दांड्याबरोबर मागचं कवचही येणार आणि रंग ताडता येणार नाही. बाईंनी टवका उडालेल्या भोकातून आत बघितलं आणि म्हणाल्या, “फिल्मचा तुकडा एवढा लहान कापता येईल का?”

मी कपाळावर हात मारला. अहो, तोंडात दातामागं लहानशी फिल्म ठेवायची, हा दाताच्या डॉक्टरचा धंदाच! मोठी फिल्म डार्करूममध्ये कातरली, एक लहान तुकडा काळ्या कागदात गुंडाळला आणि त्या भोकातून दांड्याच्या मागं सरकवला. त्याच फिल्मचे बाकीचे तुकडे मूर्ती, मूठ आणि बांगडी यांच्याखाली. जाडीत फरक पडू नये म्हणून बांगडीचे तुकडे एकावर एक रचले आणि मूर्तीची जाडी व्हर्नियर मोजपट्टीनं मोजून जमवून घेतली. साहेब मागं उभे राहून प्रत्येक गोष्टीला “हं, हं” करत होते. पानसुद्धा थुंकून आले होते.

सगळे तुकडे एकाच वेळी एकाच ट्रेमध्ये धुतले आणि पेटीवर रांगेनं लावले.

हाडाचा तुकडा करडा, आत जाळी जाळी. स्पंजासारखी. हस्तिदंत करडाच, पण एकसारखा गुळगुळीत. शंख पांढरा. आणि मूर्ती? मूर्ती शंखाइतकीच पांढरी. दोन्हींमध्ये तोच पीळ, त्याच बाजूला वळलेला. तुकड्यांवर खुणा केल्या नसत्या तर कुठला कुणाचा ते मलाही सांगता आलं नसतं.

मला एकदम भरून आलं. निघोज्यापासून समुद्र केवढा लांब! मध्ये सह्याद्री उभा. लोखंड नाही, रस्ता नाही, बैलाच्या पायाला नाल नाही. आणि कुणीतरी हा शंख घाट चढवून इंद्रायणीकाठी आणला होता. कुठल्या किनाऱ्याचा ते फिल्म सांगत नाही, बाईंनी ते लगेच बजावलं. पण समुद्राचा, एवढं पक्कं.

सोमवारी मी फिल्मा घेऊन बाईंच्या सरांकडे पुण्याला जाणार होतो. घारपुरे साहेब म्हणाले, “मीपण येतो. खोटी म्हणणारा मी होतो. ते मीच सांगायला पाहिजे.” हा माणूस आयुष्यात स्वतःहून कुणाकडे चूक सांगायला गेलेला मी बघितला नव्हता.

सरांच्या खोलीत टेबलावर विजेची करवत सज्ज होती. सर किडकिडीत, मितभाषी. साहेबांनी सगळं सांगितलं, स्वतःच्या कोल्ड शटसकट. सरांनी एकेक तुकडा खिडकीशी धरला. कितीतरी वेळ. मग बाईंकडे वळले.

“चुनखडीचा दगडही इतकाच पांढरा दिसेल.”

“दिसेल सर. पण दगडाला पीळ नसतो.”

“दुसऱ्या मूर्तीचं काय?”

“तिचीही फिल्म काढली. तोच पीळ आहे.”

“आणि तुमचं हस्तिदंताचं प्रकरण?”

“रद्द सर. पुन्हा लिहीन.”

बाईंनी ते इतक्या सहज सांगितलं की सरांनीच मान खाली घातली. त्या प्रकरणावर बाईंची दोन वर्षं गेली होती, हे मला नंतर कळलं. सरांनी करवतीची वायर भिंतीतून उपसली, मोठी मूर्ती उचलली आणि स्वतःच्या हातानं कापसात ठेवली. “तुम्ही हिला वाचवलीत,” ते म्हणाले. बाईंच्या डोळ्यांत तेव्हा कुठं पाणी आलं.

आम्ही निघणार, तेवढ्यात साहेब अडखळले. कुशीवरची ती फिल्म त्यांनी पुन्हा खिडकीशी धरली. “शेवाळे, मान बघ हिची.”

मी बघितली. पिळाची ती फट खांद्यापर्यंत येत होती आणि मान सुरू व्हायच्या आधी बाहेर निघून जात होती. मान होती ती घट्ट, भरीव भागात. कमरेशीही ती मधून न जाता एका कडेनं सरकत होती. कमरेला जो बाक होता, तो फट चुकवण्यासाठी दिलेला. फट मानेतून गेली असती तर कोरतानाच मुंडकं हातात आलं असतं.

“हिला घडवणाऱ्याकडे ट्यूब नव्हती राव,” साहेब म्हणाले. “फिल्म नाही, काही नाही. नुसतं हातात धरून त्याला कळलं की आत पोकळी कुठून जाते. आणि मी फिल्म समोर धरून चुकलो.”

त्यांनी त्या कापसाच्या डब्याला हात जोडले. चक्क. तीस वर्षं लोखंड ओतलेला माणूस, एका अंगठ्याएवढ्या बाईला आणि तिला घडवणाऱ्या कुणा अनाम कारागिराला हात जोडून उभा होता. मला त्या क्षणी तिघांचाही अभिमान वाटला, साहेबांचा, बाईंचा आणि त्या कारागिराचा.

शंख मी अमावास्येच्या आत गुरवकाकांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून तपासला, कापलेला नाही याची खात्री केली आणि मगच मान डोलावली. बाईंना पुढं डॉक्टरेट मिळाली. नवं प्रकरण शंखावर.

आमच्या खात्यात त्याच आठवड्यात नवा नियम लागू झाला. काळी रेघ दिसली की जॉब वळवायचा, दुसऱ्या बाजूनं फिल्म काढायची आणि मगच लाल खडू हातात घ्यायचा. फाउंड्रीवाले करवादले, काम वाढलं म्हणून. पण पहिल्याच महिन्यात काही चांगले जॉब भंगारात जाता जाता वाचले. त्यांच्यावरच्या रेघा आतल्या नव्हत्या, जॉबच्या बाहेरच्या अंगावरच्या ओरखड्याच्या होत्या. म्हणजे त्याआधी आम्ही एका बाजूनं बघून किती धडधाकट कास्टिंग फोडून भट्टीत टाकली असतील, त्याचा हिशेब मी कधी मांडला नाही. साहेबांनीही नाही.